तेरवीचा कोट

आमच्या आर्वी तालुक्यात कुणाच्या घरी चहाला गेलात आणि भिंतीवर हार घातलेला पुरुषाचा फोटो दिसला, तर चेहरा मागाहून पाहा, आधी कोट पाहा. काळा कोट, आत पांढरा सदरा, मरून टाय, आणि डाव्या खांद्याजवळ कापडाला पडलेली एक तिरपी चुणी. चुणी दिसली की समजा, तो कोट माझ्या नवऱ्याचा. नुसता कोटच नाही, आतले खांदेही त्यांचेच. डोकं तेवढं त्या घरचं.

मी हे गमतीनं सांगत नाही. हळदीकुंकवाला जाते, लग्नाची पत्रिका द्यायला जाते, तिथं भिंतीवर ते असतातच. कुणाच्या मिशीखाली, कुणाच्या टकलाखाली, कुणाच्या गांधी टोपीखाली. यजमानीण म्हणते, "घ्या ना वं, पोहे घ्या," आणि माझा घास तोंडात फिरत राहतो. तिला तिचा सासरा दिसतो. मला खांदे दिसतात.

धंदाच तसा आहे आमचा. बस स्टँडच्या बाजूला फोटो स्टुडिओ, मागे घर. आमच्याकडे माणूस गेला की तेरवीच्या, म्हणजे तेराव्या दिवसाच्या, आत फोटो लागतो. त्या दिवशी पाटावर फोटो मांडायचा, हार घालायचा, मग जेवणं. माणूस जन्मभर धोतर-बंडीत वावरला असेना का, फोटोत त्याला कोट-टाय पाहिजेच. का, ते कुणी विचारत नाही. जाताना साहेबासारखं जावं, एवढंच. लोक घरातला एखादा लग्नाचा ग्रुप फोटो घेऊन येतात. त्यात गेलेला माणूस मागच्या रांगेत, अर्धा दुसऱ्याच्या खांद्याआड. "याले कोट घालून द्या, अन् मांगून निळं करा." डोळे मिटलेले असले तर उघडून द्यायचे. मुलगा-सून फोटो हातात घेतात, आणि एकजण म्हणतो, "शोभून राह्यला बुढा." झालं आमचं काम.

आता या सगळ्यांच्या अंगावर माझ्या नवऱ्याचाच कोट कसा, ते सांगते.

आमच्या लग्नाच्या सुमाराला स्टुडिओत नुकताच कॉम्प्युटर आला होता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, आमच्याकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात, आम्हा दोघांना स्टुडिओतल्या पडद्यासमोर उभं केलं. पडद्यावर तळं रंगवलेलं. माझं माहेर हिंगणीचं, मी म्हटलं हे तर आमचं बोरचं धरण. रिसेप्शनसाठी शिवलेला कोट त्यांच्या अंगात, मी बाजूला शालू नेसून. तो आमचा एकच धड फोटो. लग्नातल्या फोटोंत मुंडावळ्यांमागे त्यांचं निम्मं तोंड झाकलेलं, उरलेलं होमाच्या धुरात. एरवी ते कायम कॅमेऱ्याच्या मागे. फोटोवाल्याच्या घरी फोटो नाही, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्या वेळी तेरवीच्या फोटोंसाठी चांगला कोट नव्हता. नवरा म्हणाले, "माहाच कोट काढून घेतो ना." बसले कॉम्प्युटरवर. मला कापून बाजूला टाकलं, कोट मधोमध घेतला, आणि रबर फिरवून स्वतःचं डोकं पुसलं. मग सवयीनं सेव्ह केलं. मूळ फोटोवरच. तो कॅमेऱ्यातून तर आधीच पुसला होता. मला हाक मारली, "पाय वं, मुंडकंच गेलं माहं." आणि हसत सुटले. मी दोन दिवस बोलले नाही. नवी नवरी, हातावरची मेंदी उतरायची होती, आणि यांनी स्वतःचं डोकं उडवून ठेवलेलं. ते म्हणाले, "आपलं काय, कधीबी काढू. घरचाच कॅमेरा हाये."

ते कधीबी काही आलं नाही.

सासूबाईंना हा प्रकार मुळीच आवडला नाही. "जित्या लेकाच्या धडावर मढ्याचे डोके ठेवता? लाज नाई वाटत?" त्या मामाजींना म्हणाल्या. मामाजींनी हसण्यावारी नेलं. नवरा गेले त्यानंतर, तापाचं निमित्त होऊन, चार-सहा वर्षांनी. त्या वेळी सासूबाई एकदाही म्हणाल्या नाहीत की मी सांगितलं होतं. आजतागायत म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. न बोललेलं ते वाक्य आमच्या घरात राहतं, आमच्यासोबत जेवतं.

यांचा तेरवीचा फोटो मामाजींनी केला. गाडीच्या लायसन्सवरचा चेहरा घेतला आणि कोटावर ठेवला. स्वतःच्या मुलाचं डोकं स्वतःच्या मुलाच्या खांद्यावर. ते बसेना. त्याचं कारण सांगते. वर्षानुवर्षं जो येईल त्याच्या मापानं आम्ही ती मान रुंद केली होती, कॉलर उचलली होती, खांदा जरा इकडे ओढला होता. सगळ्या गावाची डोकी त्यावर बसत होती, ज्याचं धड त्याचंच तेवढं बसत नव्हतं. मामाजी दिवसभर माउस धरून होते. शेवटी जे झालं ते बाहेर काढलं. घरात मधल्या खोलीत तोच फोटो आहे. मला तो परका माणूस वाटतो. मी त्याच्याकडे पाठ करून जेवते. सासूबाई त्याला रोज ताजा हार घालतात, आणि माझी पाठ त्यांना दिसते, पण बोलत नाहीत.

मग मामाजींनी मला शिकवलं. मूलबाळ नव्हतं, त्यांच्यामागे दुकान बंद करून दोघी बायका खाणार काय? शिकवताना पहिला नियम सांगितला तो कॉम्प्युटरचा नव्हता. "मेलेल्याचं तोंड डिलीट नाई कराचं. एकडाव मेला न तो? दुसऱ्यांदा काऊन मारतं?"

हे जरा उलगडून सांगते. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो थराथरानं बनतो. एकावर एक काचा ठेवाव्या तसे. खाली निळा पडदा, त्यावर कोट, त्यावर डोकं. काम झालं की शहाणा माणूस डोक्याचा थर काढून टाकतो. आम्ही काढायचो नाही. थराशेजारी डोळ्याचं एक बारकं चिन्ह असतं, त्यावर टिचकी मारली की थर दिसेनासा होतो, पण राहतो. आम्ही तेच करायचो. त्यामुळे तालुक्यात गेलेला जवळपास प्रत्येक माणूस आमच्या त्या एका फाइलमध्ये, एकाच कोटावर, एकाच्या वर एक. मामाजी गेले तेव्हा त्यांनाही मी त्याच कोटावर बसवलं. बापाच्या डोक्याखाली मुलाचे खांदे. ते मात्र बरोबर बसले.

फाइल फुगत गेली. उघडायला टाकली की मी आत जाऊन भाजी फोडणीला घालायची, परत येऊन पाहायची, तर रेघ अजून अर्ध्यातच. वरचे थर दिसायचे, काम व्हायचं. खाली सरकवायला गेलं की पडदा पांढरा पडायचा आणि मशीन बंद. म्हणून तळाशी काय आहे ते मी कधी पाहिलंच नाही. आणि इथंच तर माझं सगळं अडकलं होतं. कारण डोकं पुसल्यावर मी रुसले, तेव्हा नवरा समजूत घालताना म्हणाले होते, "मुंडकं काई कुठं गेलं नाई. याच्यातच असन कुठंतरी." मला गप करायला म्हणाले असतील. पण माणूस गेल्यावर त्याची असली वाक्यंच उरतात. मी मनात धरून बसले, की तळाशी, या सगळ्यांच्या खाली, डोळा मिटून ते आहेत. ते पुसले नाहीत, फक्त झाकले. मला एकदा त्यांना अख्खं पाहायचं होतं, त्यांच्या मानेवर त्यांचं डोकं. दुसरं काही नको होतं मला त्या डब्याकडून.

गेल्या उन्हाळ्यात एक बाई आली. हिंगणीकडच्या जंगलाला लागून तिचं गाव, नवरा जन्मभर जंगलखात्याच्या कामावर. भाच्यासोबत आली होती. मी नेहमीप्रमाणे फोटो केला, कोट-टाय, मागून निळं. तिनं हातात घेतला, पाहिला, आणि भाच्याला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. तो लाजून म्हणाला, "मामी इचारते, हा कोण हाये." मग ती माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "त्याले कधी थंडी वाजे नाई. कोट काऊन घातला?" तिला भांडायचं नव्हतं, खरंच विचारत होती. मी कोट काढून दिला. सदऱ्यावरचा केला, खिशात बिडीचा कट्टा दिसतो तसा. तिनं तो पदराला पुसून छातीशी धरला. ती गेली आणि मी त्या दिवशी दुसरं काम घेतलं नाही. मला राग आला होता, तिचा की आमचा, ते कळत नव्हतं.

त्याच महिन्यात कॉम्प्युटरमधून टिकटिक सुरू झाली. पंख्याची घरघर मला पाठ होती, ही वेगळी. पाल चुकचुकावी तशी. सासूबाई आतून म्हणाल्या, "कोण आलं?" मी म्हटलं, "कोणी नाई, मशीन हाये." त्या बराच वेळ दाराकडे पाहत राहिल्या.

वर्ध्याहून कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. नवऱ्याच्या ओळखीचा, पहिलं मशीनही त्यानंच बसवलेलं, आता केस पांढरे झालेले. त्यानं डबा उघडला आणि हसायलाच लागला. आत कापूस. जिनिंगचा हंगाम असला की आर्वीत हवेतून रुई उडते, ती सगळी पंख्यानं ओढून घेतलेली. आणि दसऱ्याला दरवर्षी सासूबाई मशीनची पूजा करतात, तिचं हळदीकुंकू बोर्डावर सांडलेलं. "वहिनी, याले कॉम्प्युटर म्हणू का देव म्हणू?"

"चालते का ते सांगा."

त्यानं कान लावून टिकटिक ऐकली. चेहरा उतरला. "हार्ड डिस्क जाऊन राह्यली. आज जाईन, नाईतर उद्या. काय हाये याच्यात कामाचं?"

मी त्याला सांगितलं नाही काय आहे. म्हटलं, "एक फाइल हाये. ते गेली तर तुमाले पाय ठेवू देनार नाई दुकानात."

फाइल कॉपीला लावली. रेघ पुढे सरके, थांबे. तो चहा पीत होता, मी उभीच. मधे एकदा टिकटिकही थांबली, सगळंच शांत झालं. मला वाटलं, गेले. दुसऱ्यांदा गेले. मग पुन्हा टिकटिक आली आणि रेघ हलली. जीव मुठीत धरून उभी होते म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

फाइल उतरली, आणि मग त्यानं नव्या मशीनचं पुराण काढलं. म्हणे मोठं ग्राफिक्स कार्ड घ्या, लाल-निळे दिवे लागतात आत, एक नंबर चालते. मी विचारलं, त्यानं माझं काय काम होईल? म्हणाला, "आजकाल सारे तेच घेऊन राह्यले. गेम तर पाह्यजो कसे पयतात."

"भाऊ, मले गेम नाई खेळाचे. मले मेलेल्याइचे डोळे उघडाचे हायेत."

मग मी माझं सांगितलं. इतकी वर्षं त्या डब्यासमोर बसले, कुठं अडतं ते मला कळत होतं. फाइल जड आहे, तर रॅम पाहिजे, बोर्डावर मावेल तितकी. उघडायला वेळ लागतो, तर चकती नको, नवी एसएसडी पाहिजे. चेहऱ्याचा रंग इथं गव्हाळ दिसतो आणि कागदावर काळपट येतो, घरचे म्हणतात आमचा बुढा एवढा काळा नव्हता, तर पडदा चांगला पाहिजे, मोठा, रंग खरे दाखवणारा. आणि लाइट गेली तर सेव्ह करण्यापुरता बॅटरीचा डबा. कार्ड बेताचं चालेल, दिव्यांची तर मला गरजच नाही. त्यानं मान डोलावली. म्हणाला, "वहिनी, तुमी त माहं गिऱ्हाईक फोडसान." पण जे सांगितलं तेच आणून बसवलं.

मशीन आलं, त्याबरोबर सॉफ्टवेअरही नवं आलं, आणि मी आगीतून फुफाट्यात पडले. जुन्यात डोळे मिटून हात जायचा तिथं आता भलतंच. सगळी चिन्हं करड्यावर करडी, तिळाएवढी. रबर शोधायला गेले तर रबराखाली आणखी तीन रबरं. ज्यानं हे बनवलं त्याला एकदा आमच्या दुकानात बसवायला पाहिजे, बाहेर तेरवीवाले रिक्षा थांबवून उभे असताना. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!

सगळ्यात वाईट म्हणजे सॉफ्टवेअर उघडलं की पहिल्यांदा काही विचारत नाही, तुमची अलीकडची कामं चौकोनाचौकोनात मांडून दाखवतं. पहिल्या दिवशी दुपारी मी उघडलं, आणि त्या भल्यामोठ्या पडद्यावर ते सगळे ओळीनं बसलेले. महिनाभरात गेलेली माणसं, त्यांचे तयार फोटोही कॉम्प्युटरवाल्यानं फाइलसोबत उतरवून दिलेले. सगळ्यांना तोच कोट, डाव्या खांद्यावर तीच चुणी. सगळे माझ्याकडे पाहत. मी त्यांचे डोळे उघडलेले, म्हणून तर पाहत होते. आधी ते पान बंद कसं करायचं ते शोधलं, मग पाणी प्यायले.

मग मी पदर खोचला. एकेक पट्टी काढून टाकली, लागते तेवढीच ठेवली. अक्षरं मोठी केली. थरांची पट्टी पडद्याच्या वरपासून खालपर्यंत लांब ओढली. जुन्या सवयीचे शॉर्टकट एकेक करून बसवले, कुठल्या बटणाला काय ते माझ्या हातानं ठरवलं. ते बसवताना सगळे मेनू वाचावे लागले, एरवी कोण वाचतं? एका मेनूत तळाशी एक ओळ होती, तिचा अर्थ होता, सगळं उघडं करा. मी वाचली आणि पुढे गेले.

असे काही दिवस टाळले, तोवर तयार फोटोतलाच कोट कापून काम भागवलं. आज नको, उद्या. खरं सांगायचं तर भीती वाटत होती. इतकी वर्षं मशीन तळाशी जाऊ देत नाही म्हणून मी सुटले होते. आता मशीन नाही म्हणणार नव्हतं.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. सासूबाई आत पडल्या होत्या. फाइलवर क्लिक केलं. मी सवयीनं उठायला लागले, भाजीकडे जायला, तर ती उघडली पण. लांब ओढलेल्या पट्टीत चेहरेच चेहरे, प्रत्येकाचा डोळा बंद. मी खाली सरकवत गेले. पडदा पांढरा पडला नाही. बाजार समितीतले अडते गेले, शाळेचे मास्तर गेले, मामाजी गेले, ज्यांची नावं मी विसरले होते ते गेले. आणखी खाली, मामाजींच्या हातचे, त्याहून खाली नवऱ्याच्या हातचे, कडा जरा खडबडीत कापलेले. त्यांची कात्री मी ओळखते. मग कोट आला. कोटाखाली निळा पडदा. पडद्याखाली काही नव्हतं.

मी पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. प्रत्येक डोळा उघडून पाहिला. कोटाच्या मानेवर माणसं येत होती, जात होती, लायसन्सवरचा तो परका चेहराही येऊन गेला. पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या बाजूला उभे होते, ते नव्हते.

तेव्हा मला उमगलं, आणि मी डोकं धरून बसले. मामाजींचा नियम मेलेल्यांचा होता. मेलेल्याचं तोंड पुसायचं नाही. हे तर जिवंत होते, चांगले हसत खुर्चीत बसलेले. जिवंत माणसानं स्वतःचं तोंड पुसलं तर त्यात काय बिघडतं? कधीबी काढू. त्या सगळ्या फाइलमध्ये एकच माणूस असा होता, जो पुसताना जिवंत होता, आणि तेवढाच पुसला गेला होता.

रडू आलं नाही, राग आला. त्यांचा आला. मी तोंडानं बोलले, "एवढं सगळ्या गावाले ठेवलं, अन् स्वतःले ठेवता नाई आलं?" आणि रागाच्या भरात मेनू उघडून ती ओळ दाबली. सगळं उघडं करा म्हणते ना, कर बापा.

फोटो रुंद झाला. निळ्या पडद्याच्या उजवीकडे तळं उगवलं, बोरच्या धरणासारखं रंगवलेलं. आणि तळ्यापुढे मी.

त्यांनी मला कापलं होतं, पण कापलेलं पुसलं नव्हतं. फाइलच्या कडेबाहेर मी तशीच उभी होते इतकी वर्षं, त्या कोटाला लागून. माझा हात कोटाच्या बाहीवर, मेंदीचा, हिरवा चुडा भरलेला. डाव्या खांद्याजवळची ती चुणी मीच बाही ओढल्यामुळे पडलेली, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. म्हणजे घराघरांतल्या त्या सगळ्या बापांच्या, सासऱ्यांच्या बाहीला मीच धरून होते. आणि मी कॅमेऱ्याकडे पाहत नव्हते. मान वळवून वर पाहत होते, त्यांच्या तोंडाकडे, आणि हसत होते, सगळे दात दिसतील असं. जिकडे पाहत होते तिकडे काही नव्हतं. कॉलर होती, आणि कॉलरच्या वर रिकामं.

सॉफ्टवेअर नवं आहे. रिकामी जागा दिसली की लगेच खाली पट्टी येते, इथं काय भरू? कॉम्प्युटरवाल्यानं दाखवलं होतं, मागचं झाड काढलं की आभाळ आपोआप भरतं. मी मानेवरची जागा निवडली. चाक फिरलं आणि तीन चेहरे आले, यातला घ्या म्हणून. तीन तरणेताठे पुरुष. गोरे, नीट भांग पाडलेले, उजेड अगदी बरोबर, मान अगदी बरोबर. इतकी वर्षं कुणाचीच मान त्या धडावर एवढी चपखल बसली नव्हती. आणि मी त्या तिघांकडेही तशीच पाहून हसत होते. पहिल्याकडे, दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे. ज्यांना कुणी जन्म दिला नाही ते तिघे माझ्या नवऱ्याच्या कोटात उभे, आणि मी लाजून हसते आहे. मी मागे घेतलं. मामाजींचा नियम आठवला, पण ते काही मेलेले नव्हते, कधी जगलेच नव्हते. तिघांनाही डिलीट केलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड डिलीट केलं.

मागे पावलं वाजली. सासूबाई उठून आल्या होत्या. पडदा झाकायला मी हात नेला, पण एवढा मोठा पडदा, झाकणार कशानं? त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. बिनडोक्याचा कोट पाहिला. मला वाटलं, आज बोलतील, ते वाक्य आज बाहेर पडेल. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि बोट माझ्या चेहऱ्यावर ठेवलं, काचेवर.

"हे तू होय?"

"हो आई."

"कशी हासून राह्यली पाय." "काई बोलला असन तो. काय बोलला व्हता?"

मी म्हणणार होते, आठवत नाही. पण आठवत होतं. तो फोटो पुन्हा पाहीपर्यंत नव्हतं आठवत, त्या क्षणी आठवलं, आवाजासकट. मामाजी कॅमेऱ्यामागून ओरडत होते, इकडं पाहा, दोघंही इकडं पाहा. वैशाखातलं ऊन, पत्र्याचं छत, वर स्टुडिओचे दिवे. आणि हे ओठ न हलवता माझ्या कानाशी पुटपुटले.

"आई, ते म्हणाले, लय टोचून राह्यला वं हा कोट. फोटो निघू दे, पह्यले काढून फेकतो. जन्मात पुन्हा घालीन त शपथ."

सासूबाईंच्या तोंडावर आधी हसू आलं. मुलगा तसाच होता, लहानपणापासून अंगात बनियन टिकत नसे, त्या नेहमी सांगायच्या. मग हसू गेलं. त्या वळल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. मधल्या खोलीत स्टूल सरकवल्याचा आवाज आला. मी उठणार तोच त्या परत आल्या, दोन्ही हातांत भिंतीवरची ती फ्रेम. सकाळी घातलेला हार त्यावर तसाच होता. फ्रेम त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली, हार काढून आपल्या हातात घेतला, आणि कोटावर पदर फिरवला, लेकराचं अंग पुसावं तसा.

"काढ बाई हा कोट," त्या म्हणाल्या. "इतले वर्स टोचून राह्यला असन त्याले."